तंबाखूत मिसळलेली रसायने आणि आपली शाळा
(बारामती व इंदापूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



सिगारेट म्हणजे कागदात गुंडाळलेली तंबाखू, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. १९९४ साली अमेरिकेतील मोठ्या सिगारेट कंपन्यांनी तंबाखूत मिसळण्याच्या पदार्थांची यादी प्रसिद्ध केली; तीत ५९९ नावे होती. तंबाखू ओलसर राहावी म्हणून ग्लिसरीन, स्वादासाठी कोको व ज्येष्ठमध, घशाला थंडावा वाटावा म्हणून मेंथॉल, शिवाय साखर आणि अमोनियाची संयुगे.

यांतील पुष्कळ पदार्थ खाण्यात निरुपद्रवी असतात. परंतु खाणे निराळे आणि जाळून त्याचा धूर छातीत भरणे निराळे. माळेगाव, भवानीनगर येथील कारखान्यांमुळे साखर आपल्या मुलांच्या नित्य परिचयाची आहे. तीच साखर सिगारेटमध्ये जळली म्हणजे धुराचा तिखटपणा कमी होतो आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य निर्माण होते.

अमोनियाचे कार्य याहून सूक्ष्म आहे. पानातील निकोटिन आम्लांशी बांधलेले असते. अल्कधर्मी पदार्थ ते मोकळे करतो व मोकळे निकोटिन रक्तात त्वरेने भिनते. ही किमया आपणांस नवी नाही. तळहातावर तंबाखू मळताना चुना लावतात, तेव्हा हेच घडते. म्हणून ‘आम्ही सिगारेट ओढीत नाही, साधी तंबाखू खातो’ या समाधानात अर्थ नाही. दात घासण्याची मिश्री हीदेखील भाजलेली तंबाखूच होय.

हे मुलांस कसे शिकवावे? हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवावा. त्यावर शिक्षकांनी स्वतः चुन्याच्या निवळीचा थेंब टाकावा. कागद तांबडा होतो. अल्कधर्म ओळखण्याची ही खूण दाखवून मग चुना व निकोटिन यांचा संबंध सांगावा. मात्र मुलाच्या तोंडून बापाचा पाणउतारा होईल असे काही बोलू नये.

२००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे निषिद्ध आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. तरीही पुडी आणावयास घरचे लहान मूलच धाडले जाते. पालकसभेत ही गोष्ट सौम्यपणे, परंतु स्पष्टपणे मांडली पाहिजे. ती मांडणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात पुडी असून चालणार नाही. मुले आपले शब्द ऐकतात, त्याहून अधिक आपले हात पाहतात.