अंधार कोण करतं?
(वसंत व्याख्यानमाला, उल्हासनगर कॅम्प १ येथील भाषणाचं शब्दांकन)

'ब्लॅकआउट' या एका शब्दासाठी मला पन्नास मिनिटं दिली होती. त्यातली वीस सत्कारातच गेली. तक्रार नाही, शाल छान आहे. (हशा)

शब्द मूळचा रंगभूमीवरचा. प्रवेश संपला की रंगमंचावरचे दिवे एकदम घालवायचे, तो ब्लॅकआउट. मग विमानांच्या भीतीनं दुसऱ्या महायुद्धात अख्खी शहरं तशी झाकली. वैमानिकाची शुद्ध हरपली तरी ब्लॅकआउट, बातमी दाबली तरी ब्लॅकआउट. आपला कॅम्पही त्याच युद्धातला लष्करी तळ. ८ ऑगस्ट १९४९ ला त्याचं उल्हासनगर झालं. हे तुम्हाला मी काय सांगणार? पुढे जातो.

माझं म्हणणं एवढंच, की हा शब्द आपल्याकडे आला ते बरं झालं. मराठीत अंधार करणारा कुणी नसतोच. अंधार पडतो, काळोख दाटतो, लाइट जाते. जशी काही माहेरी गेली! (हशा) दिवा विझवला म्हणायचंही आपल्या जिवावर येतं. आपण तो मालवतो, शांत करतो. लोडशेडिंगमधलं 'शेडिंग' म्हणजे सावली नव्हे, भार उतरवून टाकणं. कुणीतरी खटका ओढतो, आणि आपण म्हणतो, 'गेली'.

१९७१ च्या युद्धातला डिसेंबर आठवतो. वडिलांनी सायकलच्या दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला, खिडक्यांना काळा कागद. शेजारच्या सिंधी दादी शेगडीवर पापड भाजत होत्या. दाराच्या फटीतून निखारा दिसला असावा. बाहेरून वॉर्डन ओरडला, "बत्ती बंद करो!" दादी म्हणाल्या, "बत्ती नाही, पापड आहे." तो तपासायला आत आला. मग दादींच्या घरातली रीत, आलेल्याला पापड-पाणी दिल्याशिवाय सोडायचं नाही. तो खाली बसला. अंधारात पाच माणसं पापड खाताहेत, आणि आवाज एवढा कुरकुर, की वडील म्हणाले, "विमानाला दिसणार नाही, पण ऐकू जाईल." (मोठा हशा)

(मागच्या रांगेतून एक आजी : "पण आम्ही तेव्हा 'अंधार करा' असंच म्हणायचो की!")

म्हणायचात, आजी. पण वॉर्डन आला म्हणून म्हणायचात. एरवी कोण म्हणतं? सिनेमा बघताना म्हणतात? बरं, ते सोडा. हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. (हशा) नाही, आहेच.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं. 'अंधार' हा 'अंधकारा'तून आला, म्हणजे आंधळं करणारा. म्हणजे संस्कृतात करणारा होता, मराठीत येता येता त्याच्या 'कार'मधला 'क' गळाला! अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की पहिला क्षणभर काय होतं, ते आठवा. त्यावर बोलायचं होतं, राहिलं.

एक विनंती. उद्या लाइट जाईल तेव्हा तक्रारवहीत 'लाइट गेली' लिहू नका. 'बंद केली' असं लिहा, आणि खाली वेळ टाका.