नदीपलीकडचा दिवा

आज आपण लांबच्या एका गावाला जाऊ या. अमेरिकेत ओहायो नावाची मोठी नदी आहे. तिच्या उत्तर काठावर रिप्ली नावाचं गाव आहे. वस्ती फार तर दीड-पावणेदोन हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम ग्रामपंचायतीएवढी. नदीला लागून एक रस्ता, त्यावर जुनी विटांची घरं, मागे दोन-चार गल्ल्या आणि त्यांच्या मागे एकदम उभा चढ. त्या टेकडीच्या माथ्यावर विटांचंच एक लहानसं घर आहे. माझी गोष्ट त्या घराची आहे आणि खालच्या नदीचीही.

हे गाव १८१२ साली वसलं. व्हर्जिनियातून आलेल्या जेम्स पोग नावाच्या माणसानं ते वसवलं. तेव्हा अमेरिकेत काळ्या माणसांची खरेदी-विक्री चालायची. बाजारात बैल विकावा तशी माणसं विकायचे. पण ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी चालणार नाही, असं १७८७ च्या कायद्यानं ठरलं होतं. दक्षिण काठावर केंटकी राज्य, तिथं मात्र ती होती. म्हणजे एकच नदी, तेच पाणी. या काठाला माणूस, त्या काठाला माल.

गुलामगिरीच्या कायद्यातली एक गोष्ट तुम्ही नीट ऐका, कारण ती बायांची आहे. मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरायचं. आई गुलाम, तर पोटातलं मूलही जन्माआधीच मालकाचं. बाप कुणी का असेना, मालक स्वतः असला तरी. बाई बाळंत झाली की मालकाच्या संपत्तीत भर. आणि त्याला पैशाची गरज पडली की मूल एकीकडं, आई दुसरीकडं. पळून जाणाऱ्या कितीतरी बाया मार खाऊन नाही, तर ‘आता माझं लेकरू विकणार’ हे कानावर आलं म्हणून निघाल्या.

आता टेकडीवरच्या घराकडं येऊ. जॉन रँकिन नावाचे पाद्री १८२२ साली बायकामुलांसह रिप्लीला राहायला आले. त्यांच्या सख्ख्या भावानं व्हर्जिनियात गुलाम विकत घेतले होते. हे कळल्यावर रँकिननी त्याला पत्रामागून पत्रं लिहिली, की हे पाप आहे. ती पत्रं आधी गावच्या वर्तमानपत्रात आली, मग १८२६ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि देशभर वाचलं गेलं. पुढं त्या भावानं आपले गुलाम सोडून दिले, असं सांगतात. परक्याला उपदेश करणं सोपं असतं, भावाला तोंडावर सांगणं अवघड. मला हा माणूस तिथंच पटला.

१८२८ च्या सुमाराला रँकिन कुटुंबानं टेकडीवर घर बांधलं. रात्री खिडकीत दिवा ठेवायचे. तो पार केंटकीच्या काठावरून दिसायचा. पळून आलेल्या माणसानं नदी ओलांडायची, अंधारात तो दिवा धरून पायऱ्या चढायच्या आणि दार वाजवायचं. दोनेक हजार माणसं या घरातून पुढं गेली, असा अंदाज सांगतात.

पुस्तकांत नाव रँकिन पाद्रींचं येतं. मी मात्र त्यांच्या बायकोचा, जीनबाईंचा विचार करते. स्वतःची तेरा मुलं, नऊ मुलगे आणि चार मुली. घर छोटं. त्यात मध्यरात्री दार वाजणार. समोर ओलेचिंब, उपाशी, घाबरलेलं माणूस, कधी पूर्ण कुटुंब. चूल पेटवायची, कोरडे कपडे काढायचे, खायला घालायचं आणि उजाडायच्या आत पोटच्या पोरांना त्यांच्यासोबत पुढच्या गावाला धाडायचं. ते परत येईपर्यंत डोळ्याला डोळा कुठला लागणार! १८४१ साली रात्री हत्यारबंद माणसं घरावर चालून आली, गोळीबार झाला. रँकिनच्या पोरांनी त्यांना पळवून लावलं. दिवा मात्र चालू राहिला.

आता १८३८ चा हिवाळा. नदी गोठलेली, पण बर्फ सुटायला लागलेला, तुकडे पाण्यावर हलताहेत. पलीकडून एक बाई निघाली. शालीत गुंडाळलेलं तान्हं मूल, मागे पाठलाग. बर्फ पायाखाली मोडायचा, ती पाण्यात जायची. दरवेळी आधी मूल पुढच्या तुकड्यावर ठेवायची, मग स्वतःला वर ओढायची. अलीकडच्या काठावर एकजण उभाच होता, पळालेले गुलाम पकडून बक्षीस घेणारा. रँकिन घराण्यात सांगत आले ते असं, की त्यानं तिला पकडलं नाही. हात देऊन वर घेतलं आणि टेकडीवरचा दिवा दाखवला. जीनबाईंच्या घरी तिला कोरडे कपडे मिळाले, आणि त्याच रात्री मुलांनी तिला पुढं पोचवलं.

ही हकिकत हॅरिएट बीचर स्टो या लेखिकेच्या कानावर गेली. १८५२ साली त्यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी पुस्तकरूपात आली. त्यात बर्फावरून पळणारी एलायझा आहे. एलायझा जगभर पोचली. खऱ्या बाईचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. मागे राहिलेल्या लेकीला आणि नातवंडांना सोडवायला ती काही वर्षांनी परत आली, असंही सांगतात. सुटलेली बाई पुन्हा त्याच नदीपाशी आली, बघा.

या सगळ्या कामाला लोक ‘भूमिगत रेल्वे’ म्हणायचे. रूळ नव्हते, इंजिन नव्हतं. एका घरातून दुसऱ्या घरात माणूस पोचवायचा, एवढंच. उत्तरेत पोचून भागायचं नाही, कारण मालक तिथं येऊनही धरून नेऊ शकत होता. १८५० च्या कायद्यानं तर मदत करणाऱ्यालाही सहा महिने तुरुंग आणि एक हजार डॉलर दंड ठेवला. म्हणून थेट कॅनडा गाठायचा. वाटेत मोठं सरोवर, आणि तिथवरच सरळ रेषेत तीनेकशे किलोमीटर.

आणि हे काम फक्त गोऱ्या पाद्रींनी केलं, असं समजू नका. आसपासच्या काळ्या कुटुंबांनीही माणसं लपवली, आणि त्यांना धोका जास्त होता. नदीकाठच्या रस्त्यावर जॉन पार्कर राहायचा. आई गुलाम, बाप गोरा, म्हणून हाही गुलाम. आठव्या वर्षी आईपासून तोडून विकला, साखळीत बांधून दूर अलाबामापर्यंत चालवत नेला. तिथं तो फाउंड्रीचं काम शिकला. एका विधवा बाईला विनवून त्यानं स्वतःला तिच्याकरवी विकत घ्यायला लावलं, आणि १८०० डॉलर कमावून तिला फेडले. १८४५ साली तो मोकळा झाला. पुढं रिप्लीत त्यानं स्वतःची फाउंड्री काढली, तंबाखू दाबायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. दिवसा कारखाना, रात्री होडी.

एकदा केंटकीतल्या एका नवराबायकोला आणायला तो गेला. ती पळतील या संशयानं मालकानं त्यांचं मूल आपल्या पलंगाच्या पायथ्याशी झोपवलेलं, शेजारी पिस्तुलं. पार्कर अंधारात रांगत आत गेला, मूल उचललं आणि धूम ठोकली. नवराबायको, मूल, तिघंही होडीत.

पार्करची बायको मिरांडा. त्यांनी आपली सगळी मुलं शिकवली. त्यांची मुलगी हॉर्टेन्स १८८३ साली माउंट होल्योक या बायकांच्या नावाजलेल्या शिक्षणसंस्थेतून शिकून बाहेर पडली. तिथून शिक्षण पूर्ण केलेली ती पहिली काळी मुलगी मानतात. तिच्या बापाला लहानपणी अक्षर चोरून शिकावं लागलं होतं.

गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८६५ च्या डिसेंबरात. आपल्याकडं जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या अशाच लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतःला झिजवलं. जोतीरावांनी रिप्लीचं नाव ऐकलं होतं का, ते सोडा. पण ती अर्पणपत्रिका ज्यांच्यासाठी होती, त्यात जीनबाई आणि पार्कर बसतातच.

आता नदीवर धरणं झाली, पाणी वाढलं, पात्र पूर्वीपेक्षा रुंद झालं. रँकिनचं घर जपून ठेवलंय, पायऱ्याही आहेत. लोक बघायला येतात, धापा टाकत वर चढतात, आणि माथ्यावरून पलीकडचा केंटकीचा काठ दिसतो.