घरातील उपकरणे, आपली खाती आणि एक वही
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



शिक्षणाच्या व्यासपीठावरून टीव्ही आणि मोबाइलविषयी काय बोलावयाचे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु आज प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र आणि निकाल हे सारे फोनवरच येते. तेव्हा हा विषय शिक्षणाचाच झाला आहे.

माझ्या घरातील एक प्रसंग सांगतो. माझे थोरले भाई बरीच वर्षे आखातात नोकरीस आहेत. एकदा सुट्टीवर आले असता त्यांनी घरात स्मार्ट टीव्ही बसवला आणि मुलांसाठी टॅब्लेट आणला. दोहोंवर स्वतःचेच गूगल खाते घातले व त्या खात्याला आपला भारतातील नंबर जोडला. ते सिमकार्ड एका जुन्या फोनमध्ये होते आणि तो फोन कपाटात. भाई परत गेले, तिकडे नवा फोन घेऊन त्यांनी दुसरेच खाते उघडले. इकडे रिचार्ज कोणी केला नाही आणि नंबर बंद पडला.

पुढे माझ्या पुतणीची शिष्यवृत्ती नूतनीकरणाची वेळ आली. तिची नोंदणी त्याच नंबरवर झालेली, त्यामुळे ओटीपी कोणाच्याच हाती येईना. दाखले आणि मार्कशीट यांचे फोटो टॅब्लेटमध्ये होते. त्याच आठवड्यात धाकट्याने, टॅब्लेट अडकतो म्हणून, तो रिसेट केला. चालू करताच टॅब्लेट जुन्या खात्याचा पासवर्ड मागू लागला. भाईंना तो आठवेना. आठ दिवस धावपळ झाली, मुदत संपली आणि त्या वर्षाची शिष्यवृत्ती हातची गेली. मुलगी काही बोलली नाही. भाभी मात्र मला म्हणाल्या, "तुम्ही शाळेत मुलांना संगणक शिकवता, मग घरात एकदा तरी विचारायचे होते." मजजवळ उत्तर नव्हते. आज जे सांगतो आहे ते त्या उत्तरादाखल समजावे.

पहिली गोष्ट ही की यंत्र वेगळे आणि खाते वेगळे. यंत्र घराचे असू शकते, खाते एका माणसाचे असते. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाचे आपले स्वतंत्र खाते असावे. बैठकीतल्या टीव्हीवर कोणाचेही खासगी खाते घालू नये, त्यासाठी घरचे म्हणून एक निराळे खाते उघडावे. १३ वर्षांखालील मुलांचे गूगल खाते पालकांच्या देखरेखीखाली उघडता येते, ते तसेच उघडावे. मुलाचे वय वाढवून लिहू नये.

दुसरी गोष्ट नंबराची. खात्यात शिल्लक नसताना नंबर ९० दिवस वापरला गेला नाही तर तो बंद होऊ शकतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जातो, ही बाब २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढेही आली होती. म्हणजे आपला ओटीपी उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतो. परदेशी राहणाऱ्या बांधवांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. एक तर येथील नंबर चालू ठेवावा, नाही तर तो सोडण्यापूर्वी बँक, ई-मेल आणि मुलांच्या अर्जांवरील नंबर बदलून घ्यावा.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. पुष्कळांची समजूत अशी की फोटो 'वर' गेला म्हणजे तो कायमचा सुरक्षित झाला. तसे नाही. एकाच खात्याला जोडलेल्या फोनवरून बॅकअप झालेला फोटो पुसला, तर तो टॅब्लेटवरूनही जातो. गूगल फोटोजमध्ये असा फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, पुढे मिळत नाही. गूगलची मोफत जागा १५ जीबी. जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. जागा भरली की ई-मेल येणेही थांबते. लग्नाच्या व्हिडिओंनी जागा भरावी आणि कॉलेजचे पत्र परत जावे, असे होऊ नये. शिवाय दोन वर्षे न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून गूगल काढून टाकू लागले आहे.

म्हणून महत्त्वाचा कागद तीन ठिकाणी असावा: मूळ कागद फाइलमध्ये, एक प्रत खात्यात आणि एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर. सरकारची डिजिलॉकर सेवा २०१५ पासून आहे. तिच्यात संबंधित कार्यालयाने स्वतः दिलेली मार्कशीट वा दाखला कायद्याने मूळ कागदासमान मानला जातो. आपण फोटो काढून तेथे ठेवलेल्या प्रतीला मात्र तो दर्जा नाही. हा फरक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

चौथी गोष्ट. जुना फोन वा टीव्ही विकताना, बदलून देताना आधी फाइल्सची प्रत काढावी, मग खाते काढावे आणि त्यानंतरच रिसेट करावे. क्रम चुकला तर आमच्या टॅब्लेटसारखी गत होते. फोन हरवला तर तो बंद पाडण्यासाठी सरकारचे 'संचार साथी' हे संकेतस्थळ २०२३ पासून आहे. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. फोनवर *#०६# दाबले की तो दिसतो. पैशांची फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० वर कळवावे.

आणि शेवटची गोष्ट, एक वही. साधी, दोनशे पानी. तिच्यात लिहावे: कोणते यंत्र, त्यावर कोणाचे खाते, त्या खात्याला कोणता नंबर जोडला आहे, यंत्राचा आयएमईआय काय आणि कोणता कागद कोठे ठेवला आहे. दुहेरी पडताळणी लावल्यास गूगल दहा राखीव कोड देते, ते उतरवून निराळ्या पाकिटात कुलुपात ठेवावेत. बँकेचा पिन कोठेही लिहू नये. वही कोठे आहे हे घरातील दोन माणसांना ठाऊक असावे. जुन्या पिढीत ट्रंकेची चावी कोणाकडे आहे हे वडीलधारी माणसे अम्मीला सांगून बाहेरगावी जात. आपण दहा कुलुपे लावली आणि चावीचे कोणाला सांगितले नाही.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमचे आहे. येत्या रविवारी अब्बा-अम्मींना शेजारी बसवून वहीचे पहिले पान लिहा. त्यांना न विचारता काही बदलू नका, आणि त्यांना एखादी गोष्ट तिसऱ्यांदा सांगावी लागली तरी आवाज चढवू नका. पालकांनो, मुलांना विचारण्यात कमीपणा मानू नका.

आमच्या घरची वही आता पुतणीच्या अक्षरात आहे. पुढच्या वर्षीचा अर्ज तिने स्वतःच्या नंबरवरून, मुदतीच्या दहा दिवस आधी भरला. गेलेले वर्ष मात्र परत आले नाही. ते आपल्यापैकी कोणाचे जाऊ नये, एवढ्यासाठीच हा आग्रह.