ग्रंथालयातील माणसे
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोण कोण काम करते, असे विचारले की आपली मुले दोनच उत्तरे देतात : ग्रंथपाल आणि शिपाई. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव, कुठल्याही तालुक्यातला मुलगा असो, आम्ही हेच ऐकत आलो आहोत. दोष मुलांचा नाही. घरात पुस्तकांचे कपाट नव्हते आणि शाळेत होते त्याला कुलूप होते.

पण न कळण्याची किंमत मोजावी लागते. आमच्या पाहण्यातल्या एका महाविद्यालयात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ दाखल नोंदवहीत होता, कोणाला दिलेलाही नव्हता. तरी मागणाऱ्याला दोन वर्षे 'नाही' एवढेच उत्तर मिळाले. साठा पडताळणीत तो चरित्रांच्या कप्प्यात सापडला. परिचराने मुखपृष्ठावरचे चित्र पाहून तिथे लावला होता. पाठीवरच्या आकड्याचा अर्थ त्याला कोणी शिकवलाच नव्हता.

तो आकडा म्हणजे वर्गांक. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत बौद्ध धम्म २९४.३ या वर्गांकावर येतो. (बाबासाहेबांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई ते वेगळे, गल्लत करू नका.) धर्माच्या विभागात २२० ते २८० ही सगळी पट्टी ख्रिस्ती धर्माला आणि आपल्याला दशांश चिन्हामागचा कोपरा, हे आम्हाला खटकते. पण आकडा ठाऊक असला की पुस्तक सापडते.

हा आकडा पुस्तकावर येईपर्यंत चार हात लागतात. खरेदीची यादी आणि अंदाजपत्रक ग्रंथपालाकडे. देयक तपासून दाखल अंक टाकणे लिपिकाकडे. वर्गांक आणि तालिका सहायकाकडे. परत आलेले पुस्तक जागेवर लावणे परिचराकडे. हे शेवटचे काम हलके समजले जाते. पण जागा चुकलेले पुस्तक आणि चोरीला गेलेले पुस्तक, वाचकाला दोन्ही सारखीच. लहान महाविद्यालयात ही सारी कामे दोन माणसांवर पडतात, तो भाग निराळा.

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते संदर्भसेवेचे काम. मुलगा खिडकीशी येतो, अडखळत म्हणतो, "बाबासाहेबांचं पुस्तक द्या." महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या इंग्रजी खंडांतला कोणता ? जातिनिर्मूलनावर लिहायचे असेल तर पहिला, धम्मावर असेल तर अकरावा. त्याला न ओशाळवता दोन प्रश्न विचारून हे काढून घेणे, ही विद्याच आहे.

नुसती पुस्तके आणून भागत नाही, माणसे तयार करावी लागतात, हे सयाजीराव महाराजांनी ओळखले होते. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली, शिकवणीचे वर्गही काढले. त्याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले.

तुमच्यासाठी वाट अशी. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातूनही होते. ग्रंथपाल व्हायचे तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट. जागा निघायला वर्षे लागतात, हे आम्ही लपवत नाही. म्हणून एकाच पदाकडे डोळे लावून बसू नका. सहायकाची, लिपिकाची जाहिरातही वाचा. आणि खिडकीशी उभे असाल तेव्हा विचारायला लाजू नका.

आपल्या संस्थेच्या वाचनालयातील पुस्तकांवर अजून वर्गांक पडलेले नाहीत. वर्षावासात दर रविवारी दुपारी आम्ही ते काम करणार आहोत. येताना पेन्सिल आणा, आतल्या पानावर शाई चालत नाही.

जयभीम !