खोडा कोणासाठी?



तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या जुन्या युरोपीय चित्रांत मुकुट, राजदंड, तलवार, तराजू यांची रेलचेल असते. सत्ता कशी असते ते लोकांना अशा खुणांनी दाखवीत. मी मात्र आज ज्या चित्राविषयी बोलणार आहे त्यात मुकुटही नाही आणि तराजूही नाही.

विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७३२ साली सहा चित्रांची एक माला स्वतः कोरून काढली. हजारावर वर्गणीदारांनी ती घेतली. खेड्यातून लंडनला आलेल्या मॉल नावाच्या भाबड्या पोरीची ही कथा. पहिल्या चित्रात एक कुंटीण तिच्याशी गोड बोलते आहे, आणि मागे दाराशी एक बडा गृहस्थ टपून उभा आहे. चौथ्या चित्रात मॉल ब्राइडवेलच्या तुरुंगात पोहोचलेली दिसते. (हा तुरुंग म्हणजे एकेकाळचा आठव्या हेन्रीचा राजवाडा!) अंगावर रेशमी झगा तसाच, पण हातात मोगरी, ओंडक्यावर वाख कुटायचा. शेजारी छडी घेतलेला मुकादम. मागे एकाची मनगटे खोड्यात अडकवलेली, आणि खोड्यावर उपदेश कोरलेला : असे उभे राहण्यापेक्षा काम केलेले बरे. एक बाई डोळा मिचकावीत मॉलच्या झग्याची लेस चाचपते आहे. तुरुंगात गेलेल्या बाईच्या अंगावरचे लुगडेसुद्धा तिचे राहत नाही, हे होगार्थने किती नेमके टिपले आहे!

आता पहिल्या चित्रातली ती दोघे. लोकांनी त्यांना लगेच ओळखले. कुंटीण म्हणजे एलिझाबेथ नीडहॅम. १७३१ साली तिला चव्हाट्यावर खोड्याची शिक्षा झाली. जमावाने असे दगड मारले की थोड्याच दिवसांत ती मेली. गृहस्थ म्हणजे कर्नल फ्रान्सिस चार्टरिस. ॲन बाँड या मोलकरणीवर बलात्कार केल्याबद्दल १७३० साली त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली, आणि राजाने ती माफ केली. नीडहॅमची कीव करा असे मी म्हणत नाही. पोरी नासवणे हाच तिचा धंदा. पण दगड कोणाला आणि माफी कोणाला, हे बघा. तुरुंगाच्या चित्रात चार्टरिस कोठेच नाही.

त्याच चित्रात मागच्या फळीवर कोणीतरी फासावर लोंबणारा माणूस खरडला आहे. त्याच्यापाशी अक्षरे आहेत ती न्यायाधीश सर जॉन गॉन्सनच्या नावाची. तिसऱ्या चित्रात मॉलला पकडायला येतो तो हाच. चित्राची प्रत टेबलावर ठेवली आहे. जाताना ती फळी जरूर पाहून जा.