वेंगुर्ल्यांतील पावसाचा दिवस

वेंगुर्लें पाहावयास आलेला पाहुणा पहिल्याच दिवशीं पाऊस लागला म्हणजे हिरमुसला होतो. त्यानें छत्री घेऊन खुशाल वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, वखारीकडे जावें. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यास सोयीचें म्हणून डचांनीं १६३७ सालीं येथें ठाणें दिलें. त्यांचीं जहाजें कित्येक वर्षें गोव्याचें बंदर अडवून बसत. पण पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं ही नाकेबंदी उठे. पोर्तुगीजांच्या तोफांना जें साधलें नाहीं, तें पाऊस दरवर्षीं करी!

त्याच पावसानें पुढें वखारहि गांठली. छप्पर केव्हांच गेलें. जांभ्याच्या भिंतींत झाडांनीं मुळें रोविलीं. स्मारक संरक्षित खरें, परंतु कागदावरील संरक्षणानें भिंत कोरडी राहत नाहीं. उन्हांत वास्तूची शोभा दिसते. तिचें दुखणें मात्र पावसांतच कळतें.