समुद्राची वाट आपल्या बांधापर्यंत

जहाजांच्या व्यापारावर भाषण आहे हे ऐकून रावेर-यावलकडचे एखादे आप्पा शेजारच्याला म्हणाले असतील, "काय हो, आपल्याला पाणी माहीत ते तापीचं. समुद्राशी आपला काय संबंध?" शंका रास्त आहे. जळगावहून मुंबईचे बंदर सुमारे ४०० किलोमीटर दूर. जळगाव काय, धुळे काय, दोन्ही जिल्ह्यांना किनारा नाही. पण आपल्या कापसाच्या आणि केळीच्या भावात समुद्राचा हात फार जुना आहे. तो कसा, हेच आज पाहू.

बऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा जुना व्यापारी रस्ता आपल्या खानदेशातूनच जात असे. १६७४ साली इंग्रजांनी आपल्या धरणगावी वखार घातली. इथल्या मागावरचे कापड सुरतेच्या बंदरात न्यावे आणि तिथून जहाजाने विलायतेला धाडावे, हा त्यांचा हेतू. त्या वेळी जहाजे शिडाची. वारा सांगेल तेव्हा निघायचे आणि सबंध आफ्रिका खंडाला वळसा घालून जायचे. प्रवासाला महिनेच्या महिने लागत. बंदरापर्यंतचा माल बैलांच्या पाठीवर. पावसाळा लागला की रस्ता चिखलात आणि समुद्र खवळलेला. दोन्ही वाटा बंद.

पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांना उत्तरेच्या आरमाराने वेढा घातला. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकन कापसावर चालत. त्यांचा कापूस अडला. मग त्यांची नजर वळली हिंदुस्थानाकडे, म्हणजे आपल्या काळ्या जमिनीकडे. मुंबईच्या बाजारात भाव असा चढला, की लोक शेतातल्या कापसाला पांढरे सोने म्हणू लागले. पण १८६५ साली युद्ध संपले, बंदरे मोकळी झाली आणि भाव कोसळला. चढ्या भावाच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढले होते, त्यांच्या ते गळ्याशी आले. मंडळी, विचार करा. पाऊस आपला, बियाणे आपले, मेहनत आपली. आणि भाव ठरला हजारो कोसांवरच्या बंदरात. ज्याने ते बंदर कधी ऐकलेही नव्हते, तोच कर्जात बुडाला.

यानंतर जहाजांच्या धंद्यात मोठे बदल झाले. पहिला बदल वाटेचा. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे २० हजार किलोमीटर पडे. कालव्यातून ते साडेअकरा हजारांच्या आसपास आले. शिडाच्या जहाजांना तांबड्या समुद्रातले वारे सोयीचे नव्हते, म्हणून या वाटेचा खरा लाभ झाला आगबोटींना. १८७० साली मुंबई रेल्वेने भुसावळमार्गे कलकत्त्याशी जोडली गेली. त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेली तार मुंबईला पोहोचली. पूर्वी विलायतेचा भाव कळायला कित्येक आठवडे जात, तो आता तारेने येऊ लागला. ही तार व्यापाऱ्याच्या पेढीवर येई, बरं का. शेतकऱ्याच्या ओट्यावर नाही.

दुसरा बदल माल भरण्याच्या पद्धतीचा. सुटा कापूस जहाजात भरला, तर वजन थोडे आणि जागा फार. जहाजवाल्याला जागेचे भाडे हवे. म्हणून आपल्याकडे जिन आले, प्रेस आले. सरकी काढायची, रुई दाबायची आणि घट्ट गाठ बांधायची. आजही आपल्याकडची गाठ १७० किलोची धरतात. म्हणजे जागा वाचली तर भाडे वाचते, हा धडा खानदेशाने फार लवकर गिरवला.

तोच धडा पुढे साऱ्या जगाने गिरवला. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने 'आयडियल एक्स' या जहाजावर लोखंडाच्या ५८ मोठ्या पेट्या चढवल्या. माल पेटीत भरायचा, पेटी मोटारीवरून उचलून सरळ जहाजावर ठेवायची. एकेक पोते हमालांच्या पाठीवरून चढवण्यात दिवस मोडत. ते काम तासांवर आले. या पेटीलाच कंटेनर म्हणतात. आपल्या न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तिथे मुख्य काम या पेट्यांचेच. आज जगाच्या व्यापारातला वजनाने ८० टक्क्यांहून जास्त माल समुद्रावरूनच जातो.

आता केळीकडे येऊ. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशी जाणारा घड हिरवाच कापतात. फण्या सोडवून धुतात, खोक्यात भरतात, थंड करतात. मग ती खोकी शीतपेटीत चढतात. पेटीत १३-१४ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. त्याहून गार झाले तर साल काळी पडते. ऊब लागली तर केळी वाटेतच पिकते. जपून नेले तर आपल्या शिवारातला घड आखाती देशांच्या बाजारात पोहोचतो.

पण वाट अडली तर? मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे एकच जहाज सुएझच्या कालव्यात आडवे रुतले आणि सहा दिवस वाहतूक ठप्प झाली. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. युरोपची कित्येक जहाजे पुन्हा आफ्रिकेच्या वळशाने गेली. आठवडा-दोन आठवडे वाढले, भाडे वाढले, विमा वाढला. कापसाच्या गाठीला ही दिरंगाई सोसते, नाशवंत मालाला कशी सोसावी?

म्हणून शेतकरी बंधूंनो, भाव पडला की आपण व्यापाऱ्याला नाहीतर नशिबाला बोल लावतो. यापुढे एक प्रश्न जरूर विचारा: माझा माल कोणत्या बंदरातून, कोणत्या देशाला जातो आणि तिकडे आज काय चालले आहे? ज्या घरात चार इयत्ता शिकलेला मुलगा किंवा मुलगी आहे, तिथे ही बातमी रोज वाचता येईल. एकट्याने पेटी भरत नाही, म्हणून चार शेजाऱ्यांनी एका प्रतीचा माल एकत्र करावा. आणि सगळी मदार एकाच बाजारावर ठेवू नये. १८६५ साली हे कळायला साधन नव्हते. आज आहे.

गुरुजनांना एक विनंती. शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. मुंबईहून लंडनपर्यंत आधी आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून लावा, मग सुएझमधून लावा. जो दोरा उरेल तो मुलांच्या हाती द्या आणि सांगा, "बाळांनो, आपल्या बापाच्या कापसाचं भाडं एवढ्यानं कमी झालं होतं." भूगोल त्यांना पुन्हा घोकावा लागणार नाही.